एका लाटेला पाच शब्द

११ डिसेंबर १९५७

"युवर इंग्लिश इज एक्सलंट, मिस्टर म्हात्रे!" साहेबांनी भर कचेरीत म्हटलं. हेडक्लार्क मान वर करून बघतच राहिला. एरवी हा माणूस मला 'काय म्हात्रे मास्तर, भातलावणी झाली का?' असं विचारतो. शेतकऱ्याचा पोर इंग्रजी शिकवतो याचं त्याला अजून नवल!

झालं असं की नेहमीचा दुभाषी तापाने पडला, म्हणून काल संध्याकाळी शाळेत शिपाई आला. चौकशी हिरामण तांडेलाची. ऑक्टोबरात मांडव्याच्या तोंडाशी त्याचा मचवा उलटला होता, उतारूंसकट. चौदा माणसं वाचली. नागावची सोनूबाई बुडाली. बिचारी मुंबईला मुलाकडे चालली होती. प्रश्न एवढाच होता, की लाटेने मचवा उलटला की तांडेलाच्या हलगर्जीने. हलगर्जी ठरली तर उतारू नेण्याचा परवाना जातो. साहेब मद्रासकडचे, चौकशीसाठी मुंबईहून आलेले. मराठीचा गंध नाही. म्हणजे सगळा भार माझ्यावर.

हिरामण पन्नाशीचा. धुतलेलं जाकीट घालून आला होता. साहेब लाटेबद्दल फिरवून फिरवून विचारत होते. पहिल्यांदा दिसली तेव्हा केवढी? डोलकाठीच्या मानाने केवढी? जवळ आली तेव्हा केवढी? मचव्याचं तोंड वळवलं तेव्हा? उलटला तेव्हा? पाचही वेळा हा पठ्ठ्या एकच बोलतो — "मोठी." हात जोडून. "मोठी व्हती साहेब."

एवढ्यावर साहेब काय समजणार! मी मात्र कमी पडलो नाही. ह्यूज, मग इनॉर्मस, मग ट्रिमेंडस, मग जायगँटिक, आणि शेवटी कोलोसल! एकही शब्द दोनदा नाही. पेणच्या शाळेत आमचे मास्तर निबंधात एकच विशेषण दोनदा दिसलं की हातावर छडी मारायचे. त्या छड्या आज कामी आल्या.

बाहेर हिरामणने माझा हात दोन्ही हातांत धरला. "मास्तर, माजी भाकर आज तुमच्या तोंडात व्हती." मी म्हटलं, काळजी करू नकोस. लाट साहेबांच्या डोळ्यांपुढे उभी केली आहे.

१२ डिसेंबर

दहावीच्या वर्गात तास घेतला, विषय अर्थात तोच. फळ्यावर शिडी काढली. खालच्या पायरीवर बिग. त्यावर लार्ज — मापाचा, जरा सभ्य, कागदपत्रांत शोभणारा. मग ह्यूज. इनॉर्मस म्हणजे नेहमीच्या मापाबाहेर गेलेलं. इमेन्स म्हणजे ज्याला मापच लागत नाही ते. व्हास्ट पसरलेल्यासाठी, शेत, मैदान, समुद्र. व्हास्ट हत्ती म्हणायचं नाही! ट्रिमेंडस ऐकून अंगाला कापरं भरलं पाहिजे. जायगँटिक राक्षसाच्या अंगाचं. सगळ्यांत वर कोलोसल. पूर्वीच्या ग्रीक लोकांच्या प्रचंड पुतळ्यावरून आलेला.

सांगितलं, की जो एकाच पायरीवर उभा राहून निबंध लिहितो तो आळशी. पोरांनी उतरवून घेतलं. कालच्या चौकशीचं उदाहरणही दिलं. नाव न घेता. पण कुणाचं ते सगळ्यांना कळलंच.

हेडमास्तर व्हरांड्यात थांबून ऐकत होते. साहेबांचे उद्गार त्यांच्या कानावर गेले आहेत. जूनपासून अकरावीचं, म्हणजे मॅट्रिकचं, इंग्रजी माझ्याकडे, असं जवळजवळ म्हणालेच.

१४ डिसेंबर

हिरामणची बायको वेणूबाई बाजारातून परस्पर घरी आली. टोपलीत जिताडा मासा, हातभर लांब. म्हटलं, अहो हे कशाला. "तुमी त्याच्यासाठी येवरा बोललाव! त्यो एक शबुद बोलं, तुमी चार बोलाव. घरी येऊन सांगत व्हता." राहीने ठेवून घेतला. राही म्हणजे आमची ही. माहेर खाडीकाठचं, जिताड्यापुढे तिचं काही चालत नाही.

उत्तम लागला.

९ जानेवारी १९५८

निकाल आला. परवाना रद्द.

हिरामण कागद घेऊन शाळेत आला, मधल्या सुट्टीत. "मास्तर, वाचा." मी उभ्या उभ्या वाचायला लागलो आणि दुसऱ्या पानावर थांबलो. साहेबांनी लिहिलं आहे (जसं आठवतं तसं) — 'साक्षीदाराच्या तोंडी लाट प्रत्येक प्रश्नागणिक वाढत गेली. आरंभी ती ह्यूज होती, अखेरीस कोलोसल झाली. जो मनुष्य पाच उत्तरांत पाच लाटा सांगतो त्याच्या शब्दावर विसंबता येत नाही. लाट सामान्य असावी व अपघात तांडेलाच्या दुर्लक्षाने घडला असावा.'

पाच लाटा!

"काय ल्हिवलाय?" हिरामण माझ्या तोंडाकडे बघत होता. घंटा झाली. मी म्हटलं, साहेबांना पटलं नाही. "काय न्हाय पटला?" म्हटलं, लाट. त्याने कागद परत घेतला. "पन मी तं मोठी बोललो," म्हणाला.

पुढचा तास घेतला. काय शिकवलं ते आठवत नाही.

१० जानेवारी

काल पुढचं लिहवलं नाही, आज लिहितो. तो खोटं बोलला नाही. त्याने एकच शब्द सांगितला, पाच वेळा, न हलता. लाट त्याने वाढवली नाही, मी वाढवली. मला वाटलं निबंध चालला आहे! साक्ष चालली आहे हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. तिथे तोच शब्द पुन्हा येणं हाच तर पुरावा. लहान पोरालाही कळेल. मला कळलं नाही. मी शब्द मोजत होतो.



१३ जानेवारी

वेणूबाई दारात आली. बाजारात जाताना. मी आतूनच राहीला खूण केली, घरी नाही म्हणून सांग. टोपलीतला मासा ठेवून गेली. म्हणे, निकाल काय आमच्या हाती व्हता, मास्तरांनी जीव तोडून सांगितला.

राहीने मासा रांधला. माझं पोट बिघडल्याचं सांगितलं.

१९ जानेवारी

बाजारात गेलो आणि नको ते ऐकलं. निकालातली ती ओळ कचेरीतून फुटली आहे. कोण मराठीत करून सांगतं देव जाणे. आता हिरामण दिसला की टवाळ पोरं हात हळूहळू वर नेतात. गुडघ्याएवढा, कमरेएवढा, डोक्याएवढा. "तांडेल, आज लाट कवरी झाली?" आणि खिदळतात. मी माशाच्या ओट्याआड उभा होतो. हिरामण खाली मान घालून दोर खांद्यावर टाकून निघून गेला. मी पुढे झालो नाही. एक शब्द तोंडातून निघाला नाही — मी, ज्याला एका गोष्टीला नऊ शब्द येतात!

सोनूबाईचा मुलगा सदा परवा कोळीवाड्यात येऊन सगळ्यांदेखत बोलून गेला म्हणतात. "लाट न्हवतीच. खोटा बोलून माजी आय बुरवलीस." हिरामणने त्याला एवढंच म्हटलं, "मोठी व्हती रे बाबा." लोक त्यावरही हसले.

परवाना गेला तेवढंच असतं तरी सोसवलं असतं, त्याला. आणि मलाही. पण कोळीवाड्यात तांडेलाच्या शब्दावर दहा-दहा माणसं जीव सोपवून पाण्यात जातात. तो शब्दच मी खोटा करून ठेवला.

२२ जानेवारी

निबंध तपासायला बसलो. 'आमचे गाव.' चाळीस वह्या. गावचं देऊळ कोलोसल. पाटलाचा बैल जायगँटिक. कुणाच्या आजीच्या अंगणातला फणस ट्रिमेंडस. एकाने तर 'आमच्या घरी एक इनॉर्मस मांजर आहे, ते व्हास्ट दूध पिते' असं लिहिलं आहे. एरवी पोट धरून हसलो असतो.

सगळ्या वह्या न तपासता परत दिल्या. पोरांना वाटलं मी रागावलो.

२३ जानेवारी

पळवाटा शोधतो आहे. नेहमीचा दुभाषी असता तरी हेच झालं असतं — नसतं झालं. तो आळशी आहे, पाचही वेळा 'बिग, सर' म्हणाला असता. आणि हिरामणचा मचवा आज मांडव्याहून सुटला असता.

३० जानेवारी

आज राहीला सांगितलं. भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "मंग साहेबाला कलवा ना."

म्हटलं, तुला समजत नाही. साहेबांनी भर कचेरीत वाहवा केली आहे. आता मीच लिहू की मला साधं भाषांतर येत नाही? हेडमास्तर काय म्हणतील? जूनमध्ये मॅट्रिकचा वर्ग मिळायचा आहे. माझे वडील भागोजी म्हात्रे चिखलात गुडघाभर उभे राहिले तेव्हा मी पेणला राहून शिकलो. ते सगळं—

"त्या बापड्याचा मचवा कोरडा परलाय किनाऱ्याला, आन् तुमी वाहवा कवटालून बसलाव!" असं म्हणून ती भाजी घेऊन आत गेली. जाता जाता म्हणते, "त्या जिताड्याचा काटा माज्या घशात अरकला आता."

बरोबरच आहे तिचं.

९ फेब्रुवारी, रविवार

कोळीवाड्यात जाऊन आलो. पाय ओढत ओढत गेलो, दोनदा परत फिरलो. शेवटी वेणूबाईनेच लांबून पाहिलं आणि हाक मारली.

हिरामण अंगणात जाळं सांधत बसला होता. दुसऱ्याचं जाळं. आता दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जातो, तिथला तांडेल त्याच्या हाताखाली शिकलेला. त्याने मला बसायला घोंगडी टाकली, आणि नारळ फोडायला कोयता मागितला. म्हटलं, आधी ऐक. मग सांगितलं. पाच शब्द, पाचही.

तो जाळ्याचं भोक बोटाने चाचपत ऐकत होता. म्हणाला, "मना ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"मी एक बोलं, तुमी निराला बोलाव. कान हायत ना मना. मना वाटला इंग्रजीन मोठी बोलाचे पाच शबुद आसतील."

"आहेत."

"मंग तुमी खोटा कुठं बोललाव?"

म्हटलं, साहेबांना वाटलं तू दरवेळी लाट फुगवून सांगतोस. तो हसला. पहिल्यांदाच. मग म्हणाला, आमच्यात दर्याला माप लावत नाहीत. लाट डोलकाठीएवढी होती, माडाएवढी होती, असं तांडेल बोलत नाही. त्याच्या बापानेच शिकवलं. माप बोललं की दर्याला राग येतो, पुढच्या खेपेला तेवढी पाठवतो. "म्हनून मोठी बोलाचा आन् हात जोराचं. बस."

म्हणजे साहेबांनी पाच वेळा माप मागितलं, आणि हा पाच वेळा नम्रपणे नाकारत होता. हात जोडलेले मी पाहिले होते. मला वाटलं साहेबांना जोडतो आहे.

वेणूबाई कोपऱ्यात ऐकत उभी होती. नारळ मात्र तिने दिला नाही, कोयता घेऊन आत गेली. मला त्याचं बरं वाटलं. कुणीतरी रागवायला हवं होतं.

निघताना हिरामण म्हणाला, "साहेबाला ल्हिवा जमला तं. माज्यासाठी नको. तो सदा हाय ना, सोनूबाईचा — त्याला वाटतंय आयला मी बुरवली. त्याला कलूदे लाट व्हती."

वाटेत एका माडाखाली बसलो आणि रडलो. लिहायला लाज वाटते, पण रडलो.

१० फेब्रुवारी

साहेबांना पत्र लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात 'कोलोसल ब्लंडर' लिहून गेलो. वाचलं आणि स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली. अजूनही तोच ठसका! खोडलं. 'ग्रेव्ह एरर' लिहिलं, तेही नटवं वाटलं. शेवटी 'आय मेड अ बिग मिस्टेक'. पाचवीतला मुलगा लिहील तसं.

मग सगळं लिहिलं. साक्षीदाराने पाचही वेळा एकच शब्द उच्चारला, त्याचा अर्थ 'बिग'. बाकी शब्द माझे. शाळेच्या सवयीने बदलत गेलो. साक्षीदार सत्यवादी आहे. लाट मोजून न सांगण्याचा त्यांचा रिवाजही लिहिला. सही केली.

राहीने जेवायला वाढलं. आपणहून लिंबाची फोडही ठेवली.

१२ फेब्रुवारी

पत्र टाकलं. हेडमास्तरांनाही सांगितलं, उगाच दुसरीकडून कळायला नको. ते म्हणाले, "कशाला गेलात हो त्या भानगडीत?" मॅट्रिकच्या वर्गाचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

१३ फेब्रुवारी

फळ्यावर पुन्हा शिडी काढली आणि पोरांना सांगितलं, माझं चुकलं. शब्द बदलायचा तो गोष्ट बदलली तरच. एकच लाट असेल तर एकच शब्द. पोरांनी हेही उतरवून घेतलं. काय समजली कोण जाणे.

२० फेब्रुवारी

उत्तर नाही.

२७ फेब्रुवारी

अजून नाही. हिरामण रस्त्यात भेटला. विचारत नाही, नुसता बघतो. त्यापेक्षा विचारलं असतं तर बरं.

राही सगळ्या आळीत सांगत सुटली आहे, आमच्या यांनी स्वतःची चूक स्वतः कबूल केली. पाण्याला जाणाऱ्या बायका मला पाहून पदर सावरतात. अशा वेळी पळून जावंसं वाटतं.

३ मार्च

साहेबांचं उत्तर आलं. हिरामणचा परवाना परत! निकालातला तो भाग रद्द. 'साक्षीदार आरंभापासून अखेरपर्यंत एकच सांगत होता असे आता दिसते. लाट मोठी होती हे मान्य करण्यात येत आहे.' आणि खाली हेही — 'दुसऱ्या उत्तरानंतर मी दुभाष्याला विचारले होते, की साक्षीदार तोच शब्द पुन्हा उच्चारीत आहे असे मला ऐकू येते, ते बरोबर काय? दुभाष्याने नाही असे उत्तर दिले होते. आपल्या पत्रात याचा उल्लेख नाही.'

मला विचारलं होतं. 'होय, तोच' म्हटलं असतं तर इनॉर्मस मागे घ्यावा लागला असता, हेडक्लार्कसमोर. 'नो सर, अ स्ट्राँगर वर्ड' म्हणालो. सवयीने नाही, समजून उमजून. त्या दिवशी या वहीत लिहिलं नाही. राहीला सांगितलं नाही, हिरामणला नाही.

संध्याकाळी कोळीवाडा जमला. सदालाही बोलावून आणला होता. कागद मीच वाचला, मराठीत, 'मान्य करण्यात येत आहे' इथपर्यंत. सदा हिरामणच्या गळ्यात पडला. हिरामणने डोळे पुसून विचारलं, "सगला वाचलाव ना, मास्तर?"

"सगळं," म्हटलं.